ब्राझील सरांची सेवापूर्ती

आमच्या शाळेत कुणी ‘तुर्कस्तान कुठं आहे?’ असं विचारलं, तर निम्मी पोरं अजूनही डाव्या भुवईला हात लावतात. एकदा शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले होते. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. त्यांनी सातवीतल्या एका पोराला उभं केलं आणि नेमका हाच प्रश्न विचारला. पोरगं नकाशाकडे वळलंसुद्धा नाही. जागच्या जागी ताठ उभं राहून त्यानं भुवईला बोटं टेकवली. अधिकाऱ्यांना वाटलं, सलाम ठोकतंय. त्यांनीही उलट सलाम ठोकला आणि ‘विद्यार्थ्यांमध्ये शिस्त चांगली’ असा शेरा मारून गेले.

यात पोरांचा काही दोष नाही. त्यांना भूगोल शिकवला तो ब्राझीलच्या एका फुटबॉलपटूनं, आणि त्याचा नकाशा त्याच्या अंगावरच होता. तुर्कस्तानात त्याची भुवई फुटली होती. सायप्रसमध्ये गुडघा गेला. बल्गेरियात टाच, मलेशियात बरगडी. व्हिएतनाममध्ये पुढचे दोन दात गेले, त्यामुळं व्हिएतनामचा विषय निघाला की तो खोटे दात काढून तळहातावर ठेवायचा आणि पहिल्या बाकावरच्या पोरी किंचाळायच्या. कुठल्या देशात किती गोल केले हे तो कधी सांगत नसे. ते विचारलं की म्हणायचा, “गोल लोकांला आठवतो. मला हे आठवतं,” आणि पँट वर करून गुडघा दाखवायचा.

नाव लांबलचक होतं, आमच्या कुणाच्या तोंडात ते बसलं नाही. सगळं वसमत त्याला ब्राझील सर म्हणायचं. वयाची चाळिशी उलटलेली, उंची दारात वाकावं लागेल इतकी, आणि चालणं असं की दोन्ही पायांचं एकमेकांशी भांडण आहे. तो आमच्या माडीवरच्या खोलीत दोन-अडीच वर्षं राहिला. मी त्याला अरेतुरे करतो, कारण सुरुवात त्यानं केली.

तो वसमतला आला त्याचं कारण फुटबॉल नव्हतं. आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब आणि गावातल्याच दुसऱ्या एका संस्थेचे अध्यक्ष यांचं एकमेकांशी पटत नाही. का पटत नाही हे दोघांनाही आता आठवत नसावं. त्या दुसऱ्यांनी एका वर्षी आपल्या शाळेत पोरांना कुस्ती शिकवायला थेट हरियाणाहून पैलवान आणला आणि उघड्या जीपमधून गावभर फिरवला. साहेबांना तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी स्टाफला बोलावून सांगितलं, “त्यानं हरियाना आनला ना? आपुन ब्राझील आनू.” आम्हाला वाटलं रागाच्या भरात बोलताहेत. पण साहेबांचा एक पुतण्या हैदराबादेत शिकत होता आणि तिथल्या कुठल्याशा स्पर्धेत एक ब्राझीलवाला खेळताना त्यानं पाहिला होता. महिन्याभरात तो ब्राझीलवाला नांदेडहून येणाऱ्या एसटीतून आमच्या स्टँडवर उतरला. गळ्यात बुटांची जोडी लटकवलेली होती.

हेडसर मला म्हणाले, “तुमी इंग्रजी शिकवता ना? मंग बोला त्यांच्याशी.”

मी पुढं झालो आणि म्हणालो, “हाऊ वॉज युवर जर्नी?” हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलोय, पण जित्याजागत्या माणसावर वापरायची ही पहिलीच वेळ. त्यानं हातवारे करत भरभरून उत्तर दिलं. त्याचं इंग्रजी प्रत्येक देशात थोडं थोडं सांडत-भरत आलेलं होतं. मला त्यातला फक्त ‘बस’ हा शब्द समजला. सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वळून सांगितलं, “त्यांना वसमत फार आवडलं.” टाळ्या पडल्या. नंतर कळलं की त्याची एक बॅग बसमध्येच राहिली होती आणि तो तीच मागत होता. तोवर बस परभणीच्या वाटेला लागली होती.

तेव्हापासून आम्ही दोघांनी इंग्रजीचा नाद सोडला. सहा महिन्यांत तो मराठी बोलायला लागला. पण ती मराठी तो मैदानावर पोरांकडून शिकला, त्यामुळं त्याच्याकडे सगळ्या जगासाठी एकच ‘तू’ होता. हेडसरांना तू, मला तू, अध्यक्षसाहेबांनाही तू. एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन मैदानावर आले, तर हा लांबून ओरडला, “ए साहेब, काहून उन्हात उभा राहिला? बस ना तिकडं!” पाहुणे बघतच राहिले. साहेब निमूट जाऊन सावलीत बसले. त्यांना आयुष्यात एवढ्या मायेनं कुणी बसवलं नसावं.

शिकवायची त्याची पद्धत अजब होती. कवायत नाही, पळणं नाही. पोरांना तो गोलपोस्टसमोर उभं करायचा आणि म्हणायचा, “थांब. बॉल येऊन राहिला. तू पळू नको, बॉलला पळू दे.” तासभर पोरं नुसती उभी. स्ट्रायकरचं अर्धं आयुष्य योग्य जागी उभं राहण्यात जातं, असं त्याचं म्हणणं. पोरांना हे शास्त्र इतकं पटलं की एक दिवस एक पालक तावातावानं शाळेत आले.

“सर, आमचं पोरगं कापूस येचायला नेलं, तर नुसतं उभं राहून राहिलं! मी म्हनलं, हात हालव की. तर म्हनतंय, बाबा, मी पोझिशन घेऊन राहिलो.”

ब्राझील सरांनी हे ऐकलं आणि त्या पालकांना कडकडून मिठी मारली. त्यांना वाटलं, माफी मागतोय. तो अभिनंदन करत होता.

आमचं मैदानही काही साधं नव्हतं. हळदीच्या हंगामात शेजारचे शेतकरी शिजवलेली हळद वाळवायला मैदानाचा निम्मा भाग अडवायचे, आणि शाळेत निम्मी पोरं त्यांचीच, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. ब्राझील सरांचे पांढरे मोजे कायमचे पिवळे झाले. चेंडू बाहेर गेला की हळदीच्या ढिगात, आणि तिथं राखणीला बसलेली म्हातारी काठी घेऊन उठायची. “ए ब्राझील, डोळे फुटले का रं तुजे?” तो सांगायचा की इतक्या देशांत इतके गोलकीपर पाहिले, पण या बाईसारखी कुणी पाहिली नाही. दुसऱ्या अर्ध्यात हळद असल्यामुळं आमची पोरं वर्षातले चार महिने एकाच गोलपोस्टवर हल्ला करायला शिकली. पुढं हिंगोलीच्या स्पर्धेत हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, तर आमची अख्खी टीम सवयीनं त्याच गोलपोस्टकडे सुसाट निघाली. तो आता आमचा होता. आमच्याच गोलकीपरनं आमचेच दोन शॉट अडवले, तिसरा त्याला अडला नाही. ब्राझील सर बाहेर डोकं धरून बसला होता, पण नंतर म्हणाला, “गोल लय चांगला होता.”

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर पाय पसरून बसायचा आणि आमची ही त्याच्या गुडघ्याला हळदीचा गरम लेप लावायची. वसमतमध्ये हळदीला काय तोटा. “भाऊ, हालवू नका पाय,” असं ती दरडावायची आणि तो “व्हय वैनी” म्हणून गप बसायचा. तिथंच त्याच्या गोष्टी निघायच्या. एकूण किती देशांत खेळला हे त्याला नक्की सांगता येत नसे, कारण एका देशात तो खेळत असतानाच त्या देशाचे दोन झाले. सुटीवर गेला तेव्हा एक होता, परत आला तेव्हा दोन, आणि क्लबवाल्यांनाही ठाऊक नव्हतं की याला नक्की कुणी खेळवायचं. कझाकस्तानात थंडीनं त्याच्या मिशा गोठल्या म्हणून त्यानं मिशा काढल्या, त्या परत ठेवल्याच नाहीत.

आमच्या हिनं एकदा विचारलं, “भाऊ, लग्न न्हाई केलं?”

“केलं ना. चांगली बाई होती. तिला एक गाव पायजे होतं, वैनी.” एवढंच म्हणाला आणि लेपाकडे बघत राहिला. आम्हा दोघांनाही त्या वेळी फार वाईट वाटलं.

एका गोष्टीवर मात्र तो कुणाचं ऐकत नसे. त्याला कुणी ‘कोच’ म्हटलं की तो लगेच दुरुस्त करायचा. “कोच न्हाई. प्लेअर. सध्या क्लब न्हाई, बास.” माजी खेळाडू म्हटलं तर चिडायचाच. रोज पहाटे तो एकटा मैदानावर जाऊन चेंडू मारायचा. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, “अरे, आता कोण बोलावणार तुला खेळायला?” तर म्हणाला, “फोन येतो. मला नेहमी फोन येतो. तुला ठाऊक न्हाई.” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एक दिवस ते हरियाणाचे पैलवान गावी निघून गेले. त्यांना तिकडं पोलिसात नोकरी लागली. पैलवान गेले, तसा आमच्या साहेबांचा फुटबॉलमधला रसही गेला. गावात हरियाणाच राहिला नाही तर ब्राझीलचं काय करायचं? पण साहेब मनानं वाईट नाहीत. माणसाला असंच कसं वाटेला लावायचं, म्हणून त्यांनी ठरवलं की शिक्षकांना निवृत्त होताना करतात तसाच ब्राझील सरांचा सेवापूर्ती गौरव सोहळा करायचा, एकदम थाटात. आमच्याकडे सेवापूर्ती म्हणजे लग्नाच्या खालोखाल कार्यक्रम. मांडव, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, फेटा, भरपेहराव आहेर, गावजेवण आणि शेवटी सत्कारमूर्तीला जीपमधून वाजतगाजत घरी पोचवायचं.

सांगायलाही साहेब स्वतःच गेले. काय बोलले ते तेच जाणोत, पण साहेबांनी आजवर कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. बहुधा त्यांनी एवढंच सांगितलं असेल, “परवा तुझा मोठा प्रोग्राम हाय. आख्खा गाव येनार.” त्या संध्याकाळी ब्राझील सर उड्या मारत माडीवरून खाली आला आणि त्यानं आमच्याकडून इस्त्री मागून नेली.

“नंबर कोणता देणार?” त्यानं मला विचारलं.

मला वाटलं, आहेरात टी-शर्ट वगैरे मिळेल अशी त्याची कल्पना असावी. म्हटलं, “देतील काहीतरी चांगलंच.”

कार्यक्रमाला तो दाढी करून, केसांना तेल लावून आला, आणि हातात बुटांची पिशवी. आमच्या प्रथेप्रमाणे सत्कारमूर्तीच्या शेजारी त्याच्या पत्नीची खुर्ची होती. ती मोकळी दिसली, म्हणून त्यानं तिच्यावर बुटांची पिशवी ठेवली. सूत्रसंचालकांनी सवयीनं ‘आता सरांचा सपत्नीक सत्कार’ असं पुकारलं. साडी-चोळीचं ताट घेऊन आलेल्या बाई क्षणभर घुटमळल्या आणि शेवटी त्यांनी साडी, खण, नारळ सगळं बुटांच्या मांडीवर ठेवून हळदीकुंकवाचं बोट तेवढं आवरतं घेतलं.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, तर त्यानं ती काढून दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली आणि फोटोवाल्याकडे बघून हसला. शाल पुन्हा खांद्यावर घातली, पुन्हा त्यानं तेच केलं. श्रीफळ हातात आल्यावर त्यानं ते खाली ठेवलं, एक पाऊल मागं सरकला आणि नेम धरला. हेडसर जन्मात इतक्या चपळाईनं हालले नसतील. त्यांनी झेप टाकून नारळ पोटाशी धरला. त्या मांडवात असा गोलकीपर दुसरा झाला नाही.

मग तो बोलायला उभा राहिला. डोळे भरून आले होते. सगळ्यांना वाटलं, निवृत्तीचं दुःख आहे. बाया पदरानं डोळे टिपायला लागल्या.

“मी लय देश खेळलो,” तो म्हणाला. “लय शाली मिळाल्या. पन आख्खं गाव कधी आलं नव्हतं. माझा गुडघा जुना हाय. तरी मी सांगतो, या सीझनला मी गोल करीन. लय गोल करीन.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

रात्री जीप, बँजो, गुलाल सगळं आटोपल्यावर तो ओट्यावर बसून मला समजावून सांगत होता. प्रत्येक देशात असंच असतं. क्लबचा अध्यक्ष येतो, गळ्यात कापड घालतो, फुलं देतो, फोटो काढतो आणि नवा खेळाडू दोन-चार वेळा चेंडू उडवून दाखवतो. म्हणजे खेळाडूला घेतला. “क्लबमध्ये येताना असं करतात,” तो म्हणाला. “जाताना कुनी येत न्हाई. बॅग घ्यायची, टॅक्सी बोलवायची, निघायचं. मी किती क्लब सोडले, एकानंबी चहा पाजला न्हाई.” मग हळूच म्हणाला, “मी तुला म्हनलं होतं ना, फोन येतो.”

ज्या शालीनं आम्ही त्याला निरोप दिला होता, त्याच शालीनं त्याला नवा हंगाम मिळाला होता.

सकाळी मी साहेबांचा वाडा गाठला आणि सगळा प्रकार सांगितला. साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. “सांगू की त्याला. त्याच्यात काय?” म्हणून गाडीत बसले. मीही बसलो. मैदानावर तो घामाघूम होऊन चेंडू मारत होता. साहेब उतरले, घसा खाकरला आणि म्हणाले, “हे बघ ब्राझील...”

“साहेब, पहिली मॅच कधी?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “रविवारी.”

अशा रीतीनं मॅच ठरली. सेनगावच्या तरुण मंडळाची टीम बोलावली आणि आमच्याकडून आजी-माजी विद्यार्थी उभे केले. गावभर सगळ्यांना ठाऊक होतं की ही सरांची शेवटची मॅच आहे. ठाऊक नव्हतं ते त्याला एकट्याला. सेनगावच्या कॅप्टनला साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, “एक गोल करू द्या त्याला. म्हातारा मानूस हाय. जेवायला मटन हाय.”

सेनगावची पोरं भली. त्यांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. पहिल्याच मिनिटाला आमच्या पोरानं चेंडू ब्राझील सरांकडे दिला, तर त्यांचे चारही डिफेंडर नवरदेवाच्या वरातीला वाट द्यावी तसे दोन्ही बाजूंना सरकले. गोलकीपर चेंडू यायच्या आधीच उलट्या बाजूला पडला आणि तिथंच पडून राहिला. समोर अख्खा मोकळा गोल. मैदानाच्या कडेला घातलेल्या मांडवात साहेबांचे हात टाळीसाठी वर गेले होते.

ब्राझील सरांनी चेंडूवर पाय ठेवला आणि तो थांबला.

त्यानं पडलेल्या गोलकीपरकडे पाहिलं. बाजूला सरकलेल्या पोरांकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं, साहेबांच्या वर गेलेल्या हातांकडे, आणि शेवटी माझ्याकडे. असा गोल त्यानं आधी पाहिला असणार. म्हाताऱ्या खेळाडूला शेवटच्या मॅचमध्ये असा गोल देण्याची रीत सगळ्या जगात असावी. त्या शालीचा अर्थ त्याला त्या क्षणी कळला, हे मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मी मान खाली घातली.

त्यानं चेंडू उचलला, चालत गोलकीपरपाशी गेला, त्याला हात देऊन उठवलं आणि चेंडू त्याच्या हातात दिला.

“उठ. खरं खेळ,” तो म्हणाला. मग सगळ्या सेनगावला ऐकू जाईल असा ओरडला, “मला पाडा! पाडत न्हाई तो मटन खानार न्हाई!”

आणि पोरं खरं खेळली. त्याला ढकललं, लोळवलं, एकानं तर पिंडरीवर अशी लाथ घातली की आमची ही मांडवातून “अगं माय!” म्हणून उभी राहिली. तो दर वेळी धूळ झटकून उठायचा आणि पाडणाऱ्याची पाठ थोपटायचा. दोन सोपे गोल त्यानं घालवले. एक शॉट थेट मॅचसाठी कडेला सरकवलेल्या हळदीत गेला. त्यांनी एक गोल आमच्यावर केला. त्याला धाप लागली होती, गुडघा सुजला होता, पण इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मॅच संपत आली तेव्हा गर्दीतून चेंडू उसळून आला आणि तो नेमका योग्य जागी उभा होता. नडगीला लागून चेंडू जाळ्यात गेला. अख्खं मैदान उसळलं, फटाके सुटले, साहेब खुर्चीवर चढले. आणि शिट्टी वाजली.

पंच होते आमचे क्रीडाशिक्षक, मूळचे कबड्डीवाले. ते हात वर करून उभे होते. “ऑफसाइड,” ते म्हणाले. “सर, माफ करा. पन ऑफसाइड हाय. बॉल आला तवा तुमी त्यांच्या सगळ्या डिफेंडरच्या पुढं उभे होता.”

लोक त्यांच्या अंगावरच धावून गेले. शिव्या, चपला, सगळं सुरू झालं. साहेबांनी लाउडस्पीकरचा माइक हिसकावला आणि जाहीर केलं, “शांतता राखा! संस्थेच्या वतीनं सदर गोल मंजूर करण्यात येत आहे!” पुन्हा फटाके.

ब्राझील सर लंगडत गर्दीत घुसला. पंचांना त्यानं काखेत घेतलं आणि तसाच मांडवात गेला. साहेबांच्या हातून माइक काढून घेतला.

“याचं बराबर हाय. मी ऑफसाइड होतो.”

“अरे पन आमी मंजूर केला ना,” साहेब अगदी कळवळून म्हणाले. “आख्ख्या गावानं पाहिला. घे की, तुजाच हाय.”

त्यानं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. माइक चालूच होता, त्यामुळं ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

“साहेब, तुझी शाल मी घेतली. गोल न्हाई घेत.”

मग त्यानं माइक परत दिला, पंचांना विचारलं, किती वेळ राहिला. ते डोळे पुसत म्हणाले, दोन मिनिटं. “दोन मिनिटं लय झाली,” तो म्हणाला आणि त्यांना हाताला धरून पुन्हा मैदानात घेऊन गेला.